अ‍ॅपेक्स चर्टमधले ‘सूक्ष्म जीवाश्म’: एक पेपर, त्याचं उत्तर आणि आपण वाचायचं कसं

‘सायन्स’ या नियतकालिकात ३० एप्रिल १९९३ रोजी जे. विल्यम शॉफ यांचा एक पेपर आला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात, मार्बल बार गावाजवळच्या अ‍ॅपेक्स चर्ट नावाच्या दगडात सुमारे ३४६.५ कोटी वर्षांपूर्वीचे जिवाणूंसारखे तंतू सापडले, असा त्यात दावा होता. पुढची बरीच वर्षं ‘पृथ्वीवरचे सर्वांत जुने जीवाश्म’ म्हणून पाठ्यपुस्तकांत याच तंतूंचे फोटो छापले गेले. मग ७ मार्च २००२ च्या ‘नेचर’मध्ये मार्टिन ब्रेझियर आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की हे जीवाश्म नाहीतच. विशेष म्हणजे, त्याच अंकात शॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा बचावाचा पेपरही छापलेला आहे.

तुम्ही पीएच.डी.च्या तयारीत असाल आणि पेपर कसा वाचायचा हे कुणी शिकवलं नसेल, तर हे दोन-तीन पेपर शेजारी ठेवून वाचा. भूविज्ञान तुमचा विषय नसला तरी चालेल. या लेखात मी त्यांची चिकित्सा करणार आहे. कोण जिंकलं हा मुद्दा गौण आहे. कोणत्या वाक्याला किती पुरावा होता, एवढंच आपण तपासायचं.

आधी शब्द नीट समजून घेऊ

सूक्ष्म जीवाश्म म्हणजे काय? ज्याचा अभ्यास करायला सूक्ष्मदर्शक लागतो असा कोणताही जीवाश्म. ही कुठल्या एका प्राणिगटाची किंवा वनस्पतिगटाची व्याख्या नाही, नुसत्या मापाची आहे. त्यामुळे या एका टोपलीत फार वेगवेगळ्या गोष्टी येतात: समुद्रातल्या फोरॅमिनिफेरांची चुन्याची कवचं, डायटमची सिलिकाची कवचं, ऑस्ट्रॅकॉडचे शिंपले, परागकण, बीजाणू, गवताच्या पेशींत साठलेले सिलिकाचे कण आणि जिवाणूंचे तंतूसुद्धा. काही पूर्ण जीव असतात, काही जीवाचा एक तुकडा.

तो तुकडा कशाचा हे माहीत नसलं तरी काम अडतंच असं नाही. कोनोडॉन्ट नावाचे दातासारखे बारीक जीवाश्म १८५६ मध्ये पहिल्यांदा वर्णिले गेले. जगभरच्या खडकांची वयं ठरवायला ते सर्रास वापरले गेले, पण ते दात ज्या प्राण्याचे त्याचं अख्खं शरीर स्कॉटलंडमधल्या एका नमुन्यात ओळखलं गेलं ते थेट १९८३ मध्ये. तोवर ‘हे काय आहे’ याचं उत्तर अपुरं होतं. पण ‘हे जैविक आहे का’ असा वाद कोणी घालत नव्हतं, कारण रचना गुंतागुंतीची होती, नमुने मुबलक होते आणि ठरावीक काळाच्या थरांत ठरावीक आकार सापडत होते.

अ‍ॅपेक्सची अडचण नेमकी उलटी आहे. तिथे आकार अगदी साधा आहे: काही मायक्रॉन जाडीचा, गडद रंगाचा, मधूनमधून आडव्या रेघा असलेला तंतू. आणि साधा आकार निर्जीव रसायनसुद्धा बनवू शकतं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मिळणारा शेवाळी अकीक तुम्ही पाहिला असेल. आत हुबेहूब शेवाळ अडकल्यासारखं दिसतं, पण ती असतात खनिजं, शेवाळाचा त्यात अंशही नसतो. दगडाच्या भेगेत मँगनीजच्या ऑक्साइडची नक्षी उमटते, तीही नेच्याच्या पानासारखी दिसते. डोळ्याला ‘ओळखीचं’ वाटणं हा पुरावा नाही, ही या सगळ्या प्रकरणाची पहिली पायरी.

१९९३ चा पेपर: काय चांगलं होतं

टीका करायची म्हणून आधीच्या माणसाला मूर्ख ठरवायचं, ही वाईट सवय. शॉफ या क्षेत्रातले मोठे नाव. कॅनडातल्या गनफ्लिंट चर्टमधले सुमारे १८८ कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्म जीवाश्म स्टॅन्ली टायलर आणि एल्सो बार्गहॉर्न यांनी १९५४ मध्ये जगासमोर आणले. त्याच बार्गहॉर्न यांचे शॉफ हे विद्यार्थी. प्राचीन सूक्ष्म जीवाश्म खरा आहे हे ठरवायचे निकषही शॉफ यांनीच मांडले होते. दगड नक्की कुठून आला हे माहीत हवं, त्याचं वय माहीत हवं, तंतू दगडाच्या आतच हवा, तो नंतर शिरलेला नसावा आणि शेवटी तो जैविक हवा.

१९९३ च्या पेपरमध्ये मोजमापं आहेत, वर्गीकरण आहे, एकूण ११ प्रकार आहेत आणि त्यांतल्या ८ प्रजाती नव्या आहेत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नमुन्याच्या काचपट्ट्या लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये ठेवलेल्या होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ब्रेझियर यांना त्याच काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता आल्या, कारण त्या सार्वजनिक संग्रहात होत्या. आपला दावा खोटा ठरवण्याची सोय शॉफ यांनीच करून ठेवली होती. मला विचाराल तर त्या पेपरचं सर्वांत टिकाऊ काम हेच आहे.

आता खटकणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट चित्रांची. पेपरमध्ये तंतूंच्या फोटोंशेजारी त्यांची रेखाचित्रं दिली आहेत. फोटो धूसर असतो, रेखाचित्र स्वच्छ. फोटोत गडद-फिकट डाग दिसतात, रेखाचित्रात पेशींच्या भिंती. आपण वाचताना काय करतो? आधी रेखाचित्र बघतो आणि मग फोटोत तेच शोधतो, आणि अर्थातच ते सापडतं. रेखाचित्र म्हणजे लेखकाने लावलेला अर्थ, पण छापील पानावर ते निरीक्षणाच्या मांडीला मांडी लावून बसतं. पेपर हातात आला तर एक प्रयोग करा: रेखाचित्रांवर कागद ठेवा, नुसता फोटो बघा आणि दिसतंय ते स्वतः काढा. मग कागद उचला. तुमच्या आणि लेखकाच्या चित्रात जो फरक पडेल, तेवढा भाग अर्थनिर्णयाचा.

दुसरी गोष्ट नावांची. तंतूंना लॅटिन द्विनाम नावं दिली गेली. एका वंशाचं नाव आर्किओऑसिलेटोरिऑप्सिस. ऑसिलेटोरिया हा आजचा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडणारा जिवाणू. आता गंमत बघा. मजकुरात लेखक जपून लिहितात, ‘सायनोबॅक्टेरियासारखे’, ‘ऑक्सिजननिर्मिती कदाचित सुरू झाली असावी’. पण प्रजातीच्या नावात ‘कदाचित’ लिहायला जागा नसते. नाव एकदा यादीत गेलं, की पुढचा संशोधक तक्त्यात ‘११ प्रजाती’ असा आकडा घेतो आणि शंका मागेच राहते. तंतू जिवंत होता की नाही हे ठरायच्या आधीच त्याचं बारसं झालं.

तिसरी गोष्ट जागेची, आणि हीच सर्वांत जड आहे. पेपरच्या सारांशात ‘थरांच्या स्वरूपातला चर्ट’ असं आहे, म्हणजे पाण्याच्या तळाशी थरावर थर साचून बनलेला. उथळ पाणी, सूर्यप्रकाश आणि त्यात सायनोबॅक्टेरियासारखे जीव, असं सगळं चित्र या एका शब्दावर उभं आहे. ब्रेझियर यांच्या गटाने जागेवर जाऊन नकाशा काढला, नमुने पुन्हा गोळा केले आणि सांगितलं, की हा थर नाही, ही शीर आहे. जमिनीखालून वर येणाऱ्या गरम, खनिजयुक्त पाण्याने भेगांमध्ये पुन्हा पुन्हा भरत गेलेला चर्ट. अशा शिरेत जिवाणू राहूच शकत नाहीत असं नाही. पण प्रकाशावर जगणारा जीव भेगेच्या आत काय करत होता, याचं उत्तर द्यावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखालच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हातोडी आणि नकाशा घेऊन उन्हात फिरण्यात होतं.

चौथी गोष्ट पर्यायांची. जैविक नसलेल्या कोणत्या प्रक्रियेने असे तंतू बनू शकतात, ही बाजू जितकी लढवायला हवी होती तितकी लढवली गेली नाही. ‘जिवाणूसारखा दिसतो’ हे दाखवणं आणि ‘दुसऱ्या कशानेही असा दिसू शकत नाही’ हे दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम करून दुसऱ्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

यात एक उपरोध आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये नासाने मंगळावरून आलेल्या उल्केत सूक्ष्म जीवाश्मांसारख्या खुणा असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याच पत्रकार परिषदेत शंका मांडणारा तज्ज्ञ म्हणून शॉफ यांना बोलावलं होतं. आकारावरून जीवन सिद्ध होत नाही, हे ते उत्तम जाणत होते. दुसऱ्याच्या नमुन्याला लावलेली फूटपट्टी स्वतःच्या नमुन्याला लावणं सगळ्यांनाच जड जातं. म्हणून तर पुनर्तपासणी दुसऱ्याने करायची असते.

२००२ चं उत्तरही तपासू

ब्रेझियर यांच्या पेपरचा मुख्य भर असा: वेगवेगळ्या खोलीवर फोकस केलेले फोटो जोडून पाहिले, तर काही तंतू छापील चौकटीच्या बाहेर पुढे जातात, त्यांना फाटे फुटतात, जिवाणूंच्या साखळीला शोभणार नाहीत अशा घड्या पडतात. म्हणजे ‘तंतू’ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे काही अंशी फोटो कुठे कापला यावर ठरत होतं. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला पटेल असं उत्तर मला कुठे वाचायला मिळालं नाही.

पण या पेपरचं सगळंच गिळू नका. त्याचे दोन भाग वेगळे करा. एक, ‘हे जीवाश्म असल्याचा पुरावा पुरेसा नाही’. दोन, ‘हे अमुक पद्धतीने बनलं’. २००२ मध्ये दुसऱ्या भागाचं उत्तर होतं: खनिजांच्या पुनर्स्फटिकीकरणात इकडेतिकडे सरकलेला अस्फटिकी ग्रॅफाइट. २०१५ आणि २०१६ मध्ये ब्रेझियर, डेव्हिड वेसी आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अतिसूक्ष्म पातळीवर पाहिलं, तेव्हा उत्तर बदललं: गरम पाण्याने अभ्रकाचं रूपांतर होऊन पापुद्र्यांसारख्या खनिजांच्या चळती बनल्या आणि त्यांच्यामध्ये नंतर कार्बन शिरला. ज्या आडव्या रेघा पेशींच्या भिंती वाटत होत्या, त्या पापुद्र्यांमधल्या फटी. पहिला भाग टिकला, दुसरा बदलला. नकार बरोबर असू शकतो आणि त्याच पेपरमधलं स्पष्टीकरण अपुरं असू शकतं. व्हायव्हाला कोणी विचारलं, ‘ब्रेझियर बरोबर होते का?’, तर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू नका. कोणत्या वाक्याबद्दल विचारताय, असं विचारा.

ब्रेझियर यांची भूमिका अशी, की इतक्या जुन्या दगडात ‘निर्जीव’ हेच गृहीतक धरून चालायचं आणि ते मोडता आलं तरच ‘सजीव’ म्हणायचं. मला ती पटते, पण तिचीही किंमत आहे. नियम कडक केला की खोटे जीवाश्म गळतात, आणि काही खरेही गळतात. साध्या आकाराचा जिवाणू खरोखर तिथे असेल, तर या चाळणीतून तो कधीच वर येणार नाही. गृहीतकाची बाजू निवडणं हाही एक निर्णय असतो आणि तो पेपरमध्ये उघड लिहिलेला असावा.

यंत्र नवं, तर्क जुनाच

२००२ च्या बचावात लेसर-रामन वर्णपटाचा आधार होता: तंतू कार्बनयुक्त पदार्थाचे आहेत. त्याच वर्षी जिल पास्टेरिस आणि ब्रिगिट वोपेन्का यांनी दाखवून दिलं, की असा वर्णपट विस्कळीत रचनेचा कार्बन आहे एवढंच सांगतो, तो जिवातून आला की नाही हे सांगत नाही. २००३ मध्ये हुआन मॅन्युएल गार्सिया-रुइझ यांच्या गटाने प्रयोगशाळेत सिलिका आणि बेरियम कार्बोनेटपासून आपोआप बनणारे तंतू दाखवले. साधी सेंद्रिय संयुगं त्यांच्यावर चिकटवून तापवली, की ते दिसायला अ‍ॅपेक्सच्या तंतूंच्या फार जवळ येतात.

मग डिसेंबर २०१७ मध्ये शॉफ, जॉन व्हॅली आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. ११ तंतूंमधल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं. मूल्यं साधारण उणे ३१ ते उणे ३९ प्रति हजार. जीव हलका कार्बन पसंत करतात, म्हणून अशी मूल्यं जैविक प्रक्रियेशी जुळतात. लेखक पुढे गेले: पाच प्रजातींची मूल्यं वेगवेगळी आहेत, म्हणून काही प्रकाशसंश्लेषक, एक मिथेन बनवणारी, दोन मिथेन खाणाऱ्या.

मोजमाप अवघड होतं आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण तर्क बघा. ११ तंतू, ५ प्रजाती, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी दोन-तीन. शिवाय ‘प्रजाती’ ठरवल्या कशावरून? ज्या आकारावर वाद आहे त्याच आकारावरून. आकार जैविक नसेल तर गट जैविक नाहीत, आणि गट जैविक नसतील तर त्यांच्या सरासरीतला फरक चयापचयाबद्दल काही सांगत नाही. राहिला प्रश्न कार्बनचा. तो जिवातून आलेला असेलही. पण जिवातून आलेला कार्बन नंतर वाहत येऊन खनिजाच्या फटीत बसला, तर त्या खनिजाचा आकार जीवाश्म ठरत नाही. भिंतीवर शेण सारवलं म्हणून भिंत गाय होत नाही.

मग आकारावरून कधीच काही ठरत नाही का?

असं टोकाला जाऊ नका. आपल्याजवळचं उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा सापडते. वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तिच्यातून वनस्पतींचे सिलिकाकण वेगळे केले आणि २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की त्यांत गवताचे कण आहेत, तेही एकापेक्षा जास्त प्रकारचे. डायनोसॉर असताना गवतात इतकी विविधता आलेली नव्हती, ही तोवरची समजूत त्यामुळे बदलावी लागली. उसाचं पाचट अंगाला कापतं ते ज्या सिलिकामुळे, तसलेच हे कण.

हा दावाही आकारावरच उभा आहे. मग तो का पटतो? कारण गवताच्या पेशीत बनणारे काही आकार खास त्यांचेच असतात आणि ते आजच्या जिवंत गवतांशी ताडून बघता येतात. निर्जीव प्रक्रियेने असे आकार बनत असल्याचं माहीत नाही. आणि खाणाऱ्याच्या विष्ठेत खाद्याचे कण असणं हे जागेशी सुसंगत आहे. आकार गुंतागुंतीचा, तुलनेला जिवंत नमुना हाताशी, जागा दाव्याला पोषक. अ‍ॅपेक्समध्ये हे तिन्ही पाय लंगडे आहेत.

माझा निष्कर्ष

आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावर अ‍ॅपेक्सच्या तंतूंना सूक्ष्म जीवाश्म म्हणू नये. याचा अर्थ तेव्हा जीवन नव्हतं असा होत नाही. त्याच पिलबारा भागात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या ड्रेसर खडकांत स्ट्रोमॅटोलाइट वर्णिलेले आहेत. सुमारे ३४० कोटी वर्षांपूर्वीच्या स्ट्रेली पूल खडकांतून पेशींसारख्या रचना २०११ मध्ये मांडल्या गेल्या, आणि त्या मांडणाऱ्यांत वेसी यांच्यासोबत खुद्द ब्रेझियर होते. जुन्या जीवनावर त्यांचा आक्षेप नव्हता, या पुराव्यावर होता. फरक पडतो तो ऑक्सिजनच्या कथेत. वातावरणात ऑक्सिजन लक्षणीय प्रमाणात साचू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. ३४६.५ कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरिया होते म्हटलं, तर मधली शंभर कोटी वर्षं ऑक्सिजन गेला कुठे, हे समजावावं लागतं. एका दगडातल्या काही तंतूंवर एवढं ओझं टाकायचं का, हा खरा प्रश्न आहे.

तुमच्या प्रपोजलमध्ये सूक्ष्म जीवाश्मांचा संदर्भ येत असेल, तर प्रत्येक दाव्यापुढे चार रकाने आखा: जागा, आकार, पदार्थ, निर्जीव पर्याय. पेपरने ज्या रकान्यात काही दिलं नसेल तो रिकामा सोडा, स्वतःच्या मनाने भरू नका. अ‍ॅपेक्सचा उल्लेख करावाच लागला तर ‘जीवाश्मसदृश तंतू’ असं लिहा आणि १९९३, २००२, २०१६, २०१७ या चारही पेपरांची नोंद करा. आणि स्वतःचे नमुने गोळा कराल, तेव्हा ते कुठल्या संग्रहात, कोणत्या क्रमांकाने ठेवणार हे पहिल्याच वर्षी गाईडशी बोलून ठरवा. गाईडच्या कपाटात राहिलेली काचपट्टी कोणाला तपासता येत नाही, आणि जी तपासता येत नाही तिच्यावरून केलेला दावा कोणी कशाला मान्य करावा?